मुद्द्याचं बोला, दाजी

दाजी, तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. आक्का रडते, तुमच्या दोन्ही पोरी रडतात, मी मात्र नुसता चिडतो. परवा कंपनीत एका ड्रायव्हरवर इतका ओरडलो की तो बिचारा हातातला चहा तसाच ठेवून निघून गेला. बायको म्हणते, तुमचं काहीतरी बिनसलंय, चार दिवस सुट्टी घ्या. आता बहिणीचा नवरा गेला म्हणून कंपनी चार दिवस कुठून देणार? अग्नी दिला तो एक दिवस आणि दहाव्याचा अर्धा, तोही साहेबाच्या टेबलाशी उभं राहून मागून घेतलेला.

तुम्हाला नेलं त्या दिवशी तुमच्या अंगणात जो येईल तो एकच वाक्य बोलत होता. "आयुष्यभर कशाची घाई केली नाही माणसानं, आन् जायची बघा केवढी घाई." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही मान हलवली. पाचव्यांदा ऐकलं तेव्हा बोलणाऱ्याचं थोबाड रंगवावंसं वाटलं. तुम्ही काही घाई केली नव्हती. घाई कुणी केली ते मला माहीत होतं, आणि मी ओसरीच्या खांबाला टेकून आल्यागेल्याला पाणी देत होतो.

त्याच्यावर येतोच. पण आधी तुमच्याशी भांडायचं आहे, कारण चूक सगळी माझीच होती असं मी काही म्हणणार नाही. तुमचं बोलणं लांबायचं, दाजी. साधं विचारावं, उशीर का झाला, तर तुम्ही आदल्या दिवसापासून सुरू करायचात.

"आरं काय सांगायचं, काल आपला शंकर भेटला. शंकर म्हंजी, ज्याच्या थोरल्या भावाची सोयरीक आपल्या मामांनी..."

"मुद्द्याचं बोला की," आतून आक्का.

"मुद्द्यावरच येतोय. तर शंकर म्हणला, म्हस आटली."

मग म्हैस, मग म्हशीचा डॉक्टर, मग डॉक्टरच्या गाडीचं पंक्चर. मी घड्याळ बघायचो, पोरी उठून जायच्या. तुम्ही कुणाकडे न बघता तंबाखू मळत पुढं चालू. आणि वैताग असा की शेवटी मुद्दा असायचा. त्याच म्हशीवरून निघून तुम्ही पाऊण तासानं जिथं पोचलात तिथं कळलं, की थोरलीला बघायला येणारा मुलगा पिऊन पडतो, ते पंक्चरवाल्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. आम्ही तुम्हाला म्हशीपाशीच गप्प केलं असतं, तर ती पोरगी आज त्या घरात असती. एवढं होऊनही पुढच्या वेळी आम्ही तेच म्हणालो. मुद्द्याचं बोला.

तुमचं कामही तसलंच. घरची शेती सांभाळून भोसरीच्या टूलरूममध्ये तीस वर्षं तुम्ही डाय बसवल्या. पत्रा दाबायच्या साच्याचे दोन भाग एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. त्यासाठी एका भागाला निळा रंग लावायचा, दुसऱ्यावर टेकवायचा, जिथं निळं उठेल तेवढंच हातानं घासायचं. पुसायचं, परत रंग, परत टेकवायचं. वीस वेळा, पंचवीस वेळा. तुमची नखं कायम निळी असायची, आणि माझ्या लग्नाच्या फोटोत तुम्ही हात मागं लपवून उभे आहात.

आता ते आपलं जुनं भांडण. आमच्या कंपनीची एक डाय तुमच्याकडे होती. मी चाकणला डिस्पॅचला, नवीन पार्ट चालू व्हायचा होता, वरून रोज विचारणा. मी तुम्हाला फोन केला, द्या सोडून, उरलंसुरलं आम्ही इथं बघू. तुम्ही म्हणालात, "दोन दिस दे. अजून एका कोपऱ्याला निळं उठतंय." मी तुमच्या डोक्यावरून तुमच्या मालकाला फोन लावला आणि डाय त्याच दिवशी टेम्पोत चढली. पहिल्या पाळीतच पत्रा कोपऱ्यात फाटायला लागला. तीन दिवस मशीन बंद. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत आणि त्याचाच मला जास्त राग आला. पुढं मी विषय काढला. म्हटलं, दाजी, तुम्ही बरोबर होता हे कबूल, पण दोन दिवस थांबलो असतो तर ऑर्डरच दुसऱ्याला गेली असती. तुम्ही जरा विचार करून म्हणालात, "व्हय, गेली आसती." बस्स. याच्यावर माणसानं भांडायचं कसं? ते भांडण तसंच लोंबकळत राहिलं आणि आता मी एकटाच दोन्हीकडून भांडतोय.

कारण घाई माझी नाही हो. ती वरून येते. मोठ्या कंपनीच्या लाइनला आमचा माल तासावर लागतो. तळेगाव चौकात गाडी अडकली की फोन येतो, गाडी कुठंय. मी ड्रायव्हरला फोन करतो, गाडी कुठंय. त्याला माहीत असतं, मला माहीत असतं, विचारणाऱ्यालाही माहीत असतं, की गाडी चौकातच आहे आणि पुढच्या कंटेनरवरून उडी मारून जाणार नाही. तरी दहा मिनिटांनी परत फोन. अशी अठरा वर्षं झाली. मग माणूस घरी येऊनही तसाच वागतो. लिफ्टचं बटण चारदा दाबतो. लोकांनी पाठवलेले आवाजी मेसेज दुप्पट स्पीडला ऐकतो. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात आलं की उरलेलं आपणच बोलून टाकतो.

हे तुम्हीच मला दाखवलंत. माझी मुलगी आठवीत आहे. मागच्या दिवाळीत तुम्ही आमच्याकडे मोशीला आला होता, तेव्हा ती काहीतरी सांगायला आली आणि म्हणाली, "पप्पा, एकच मिनिट, थोडक्यात सांगते." ती गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "विलासराव, पोरगी बापाशी बोलत व्हती का सायबाशी?" मी हसलो. हसण्यावारी नेलं म्हणा. आता ती जेव्हा जेव्हा थोडक्यात सांगते म्हणते, तेव्हा मला लाज वाटते.

आणि तुम्ही ऐकायचात. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. पहिली नोकरी गेली तेव्हा मी घरी न जाता सरळ तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही कुदळीला नवा दांडा बसवत होता. मी तिथंच उकिडवा बसलो आणि बोलत सुटलो. सुपरवायझर कसा हलकट, मित्र कसे उलटले, आईला काय तोंड दाखवू, सगळं उलटसुलट, एकच गोष्ट तीन-तीनदा. दीडदोन तास तरी बोललो असेन. तुम्ही मधे एकदाही तोंड घातलं नाही. मी थांबलो की तुम्ही नुसतं म्हणायचात, "मग?" शेवटी माझ्याजवळ सांगायला काही उरलंच नाही, तेव्हा म्हणालात, "चल, जेवून घी." त्या दिवसानं मला उभं केलं, दाजी. तुमचे उपकार आहेत माझ्यावर. हे तुमच्या तोंडावर सांगायला मला वीस वर्षांत वेळ मिळाला नाही.

आता मुद्द्यावर येतो.

तुम्ही जायच्या आधी तीन आठवडे, गुरुवार होता. आक्काचा फोन आला की यांच्या छातीत कसंतरी होतंय, जरा दवाखान्यात घेऊन जा. मी दोन तासांची गेटपासची परवानगी काढून आलो. दवाखान्यात ही गर्दी. आपला नंबर येईपर्यंत दीड तास गेला आणि माझा फोन खिशात सारखा थरथरत होता. आत गेलो. डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, काय होतंय? तुम्ही खुर्चीत नीट सरकून बसलात, टोपी काढून मांडीवर ठेवलीत. मी तेव्हाच मनात म्हटलं, झालं, आता लावणार हे.

"सोमवारी... न्हाई, मंगळवारी," तुम्ही सुरू केलंत. "मंगळवारी सकाळच्या पारी मी गवार तोडायला गेलो व्हतो. तर दोन सऱ्या झाल्या आसतील नसतील..."

"डॉक्टर, ॲसिडिटी आहे," मी म्हणालो. "छातीत जळजळतं. जेवणाच्या वेळा पाळत नाहीत, तंबाखू आहे."

डॉक्टरला बरंच वाटलं. बाहेर पन्नास माणसं बसलेली. त्यानं गोळ्या लिहिल्या आणि म्हणाला, आठ दिवसांत फरक नाही पडला तर या, ईसीजीची पट्टी काढून बघू. तुम्ही तोंड उघडलंत, माझ्याकडे बघितलंत आणि हसून टोपी डोक्यावर ठेवलीत. ते हसू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यात राग नव्हता. लहान पोराची खोडी चालवून घ्यावी तसं चालवून घेतलंत तुम्ही मला.

येताना गाडीवर मी सगळा रस्ता कानात वायर घालून कंपनीच्या ड्रायव्हरशी फोनवर बोलत होतो. दारात उतरल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "विलासराव, आपलं सांगायचं ऱ्हायलंच." मी गाडी बंदसुद्धा केली नाही. म्हणालो, "रविवारी येतो, दाजी. निवांत सांगा." त्या रविवारी ओव्हरटाइम लागला. दुसऱ्या रविवारी सासरी वास्तुशांत. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं, मी झोपून राहिलो. पुढच्या बुधवारी सकाळी तुम्ही मोरीपाशी तोंड धुताना खाली बसलात ते उठला नाहीत. दवाखान्यात त्यांनी सांगितलं, हार्ट. मंगळवारी तुम्हाला काय झालं होतं ते त्या दिवशी कळलं असतं तर तुम्ही वाचला असता का, मला माहीत नाही. कदाचित नसताही. पण विचारायची सोय मीच ठेवली नाही.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. दहाव्याला मी परत तेच केलं.

आळंदीला घाटावर सकाळी साडेसातला सगळे जमले. महाराजांचं प्रवचन झालं. मग माइकवर श्रद्धांजल्या. एक पुढारी आले, ते त्या सकाळी तिसऱ्या दहाव्याला आलेले. त्यांनी तुम्हाला प्रगतशील शेतकरी करून टाकलं. दुसऱ्यानं तुमच्या निमित्तानं रस्ता रुंदीकरणावर सात मिनिटं घेतली. पतसंस्था, तरुण मंडळ, ग्रामपंचायत, सगळ्यांच्या वतीनं बोलून झालं. तुमच्याबद्दल बोलायला लोकांना वेळ होता बघा, दाजी.

मग पिंड मांडला आणि कावळ्याची वाट बघायला लागलो. कावळे होते की. भिंतीवर पाच-सहा ओळीनं बसलेले. पण खाली एक उतरेना. तुमचे बंधू पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "दादा, धाकटीच्या लग्नाचं आमी बघू, तू काळजी करू नगंस." कावळा नाही. जावई म्हणाले, बोअरचं काम पुरं करतो. नाही. कुणीतरी म्हणालं, आक्काला अंतर देणार नाही म्हणा. तेही झालं. मागं दुसऱ्या घरचे लोक आपल्या पिंडाचं ताट घेऊन उभे, गुरुजी दोन्हीकडे बघतायत, पोरं मोबाईल काढून शिफ्टची बस कुठवर आली ते बघतायत.

मी कावळ्या-बिवळ्यावर विश्वास ठेवणारा नाही. तुम्हीही फारसे नव्हता. पण मला माहीत होतं की तिथं काय म्हणायचं बाकी आहे. दाजी, मी तुमचं बोलणं तोडलं, माझं चुकलं. एवढंच. म्हणायला वेळ तो किती लागणार? पण समोर आक्का बसलेली. पदर तोंडाशी धरून ती त्या भिंतीकडे एकटक बघत होती. तिच्यादेखत ते कसं बोलायचं? मी म्हटलं, थांबावं जरा, हिंमत होईल. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. आणि माझ्याच तोंडून आवाज आला, "गुरुजी, दर्भाचा करून घ्या. लोकांना कामावर जायचंय."

सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास टाकला. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आटपलं. आम्ही पाय धुऊन वर येतोय तोवर मागच्या लोकांच्या पिंडाला कावळा दोन मिनिटांत शिवला. मला त्या कावळ्याचासुद्धा राग आला. आक्कानं मागं वळून बघितलं आणि गाडीत जाऊन बसली.

काल रविवार होता. मी आक्काकडे गेलो. फोन बंद केला नव्हता, खोटं कशाला सांगू, नुसता आवाज बंद केला होता. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, आक्का, मला तुला एक सांगायचंय. आणि मला ते नीट सांगताच येईना. गेटपासपासून सुरू केलं, मग डिस्पॅचचं रडगाणं, मग दवाखान्यातली गर्दी, मग परत मागं जाऊन डायचं भांडण. उगाच भटकत राहिलो. आक्का शेंगा सोलत होती, मला घाई कर म्हणाली नाही. शेवटी एकदाचं बोललो. ते डॉक्टरला सांगत होते, आक्का, आणि मी त्यांना गप्प केलं.

मला वाटलं ती हात उगारेल. लहानपणी उगारायची. ती सोललेले दाणे एका बाजूला सारत राहिली.

मग म्हणाली, "मलाबी सांगत व्हते."

"काय?"

"त्याच मंगळवारी. रानातनं आले, पाटी हितं ठिवली आन् म्हणले, आगं, आज गवारीत काय झालं माहितीये का. डेअरीची गाडी दारात उभी व्हती, मला दूध घालायचं व्हतं. म्हणलं, ते मागनं सांगा. गवार अर्धीच पाटी का आणली, तेवढं बोला."

"मग काय म्हणाले?"

"काय न्हाई. हसले. म्हणले, व्हय, अर्धीच हाय."

तुम्ही कसे हसला असाल ते मला लगेच दिसलं. आक्का रडली नाही. मीही नाही. आम्ही दोघं तिथंच बसून त्या सकाळचा माग काढत राहिलो. दोन सऱ्या झाल्यावर कळ आली असेल. बांधावर बसला असाल. एकटे किती वेळ बसला असाल? हात जड पडला असेल, की घाम फुटला असेल, की कुणाला हाक मारली असेल? आक्का म्हणाली, परत आले तेव्हा सदरा भिजलेला व्हता, मला वाटलं दहिवरानं. तीस-पस्तीस वर्षांत तुम्ही आम्हाला हजार गोष्टी सांगितल्यात, त्यातली प्रत्येक म्हैस आणि प्रत्येक पंक्चर आम्हाला पाठ आहे. आणि त्या गवारीत काय झालं, ते आमच्यातल्या एकालाही माहीत नाही.